धोट्याचा अँटेना

पत्र्याखाली आमचा रेडिओ
शेंगा भाजायच्या कढईसारखा बोलतो.
एक शब्द, मग मूठभर वाळू,
पुन्हा एक शब्द.
अम्मा विड्या वळता वळता
डाव्या कोपरानं त्याची काडी दाबून धरते,
तेवढ्यापुरता निवेदक शुद्धीवर येतो.
हात पानाकडे गेला की तोही गेला.

रेवप्पा हत्तुरेंनी दुकानात
लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दिला.
एकशे त्रेचाळीसला स्टेशनच्या आकड्यानं भाग,
येईल तेवढे मीटर तार, मधोमध कापायची.
"दोन्ही तुकड्यांनी एकमेकांना शिवायचं नाही,
एवढं पाळ पोरी. बाकीचं हवा बघते."

जळक्या मोटारीतली तांब्याची तार, फुकट.
टोकांचं वार्निश ब्लेडनं खरवडलं,
अंगठ्यासकट.
केबलवाला टाकून गेलेली काळी वायर, सात मीटर,
तीही फुकट.
डाग द्यायचे वीस रुपये रेवप्पांनी घेतले,
वर चहा पाजला.
मधे बसवायला कोरडं लाकूड पाहिजे होतं.
मी नायनाचा धोटा उचलला.

त्यानं पाहिलं. काही बोलला नाही.
साखर पेठेत एकतीस वर्षं
चादरीतून इकडून तिकडे गेलेला धोटा.
थोड्या वेळानं पकड घेऊन आला,
टोकांचं लोखंड स्वतःच उपसून दिलं.
कांडीच्या पोकळीत जोड ठेवून
मी वरून मेणबत्ती ओतली.

एप्रिलची दुपार. पत्र्यावर पोतं टाकून
राजेशम बांबू धरून उभा,
एक पाय वर, एक खाली.
"आलं का बे?"
मी दारातून, "न्हाई!"
गल्लीच्या टोकाची चिट्याल काकू,
जिला कशाचाच पत्ता नाही,
ती पण ओरडते, "न्हाई आलं म्हणं!"
होटगीकडे फिरवला तर विजापूरकडचं कन्नड,
काचेसारखं.
अम्मा म्हणाली, "हे बी चालंल की."
"अजून चार बोटं!" "कुठल्या बाजूला?"
"तुझ्या!"
आणि एकदम वाळू संपली.

आता खरं सांगायचं ते.
नायनाला ऐकू येत नाही.
मागांच्या खडखडाटानं कान नेले,
बदल्यात ओठ वाचायला शिकवलं.
कारखान्यात सगळे तसेच बोलायचे,
आवाज न लावता, तोंड मोठं करून.
पण रेडिओला ओठ कुठले?
म्हणून अम्मा ऐकते आणि समोर बसून
ओठांनी त्याला सगळं सांगते, बाजारभावासकट,
बोटं सुपातच.

खरखरीत जे गळायचं
ते ती पदरचं घालायची.
मला लहानपणापासून ठाऊक आहे,
ओठ मीही वाचते.
उजनीचं पाणी तिच्यामुळे कितीदा वाढलं.
हजार विड्यांमागे मजुरी चढली.
कर्नाटकात कुठंतरी एका म्हातारीला
हरवलेली म्हैस परत मिळाली,
ही तर ठळक बातम्यांत.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच
सगळं अखंड आलं.
अम्मानं शब्दाला शब्द लावला,
मधे श्वासापुरतीही जागा उरली नाही.
नायना बघत राहिला.
बातम्या संपल्यावर म्हणाला,
"एवढा खटाटोप केलीस पोरी.
पूर्वीच्या बातम्या बऱ्या होत्या."

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला,
निवेदक अगदी खणखणीत:
उद्याही पारा त्रेचाळीसच्या खाली येणार नाही.
अम्मानं विडीचं तोंड मिटलं, वर पाहिलं.
तिचे ओठ म्हणाले,
उद्या आभाळ येणार म्हणं. पावसाचं.

मी गप्प.
नायना उठला
आणि अंगणातली बाज आत ओढून घेतली.